कानोसा

ओइवा सकाळी बाजारघरातून काकड्या आणतो,
दोन बटाटे, एक गाजर.
भाजीवाली आता विचारत नाही कोशिंबीर किती जणांची.
ह्या भाज्या कुणी खात नाही हे तिला ठाऊक आहे.

कुओपिओ. जानेवारी. सरोवर दोन वीत गोठलेलं.
तळघरात प्लॅस्टिकची टाकी,
तिच्या कडेने पोलादाची सोळा बटणं,
आत मिठाचं पाणी, अश्रूंइतकंच खारट.
हे मार्केट्टाने मोजून काढलंय,
कवितेसाठी नव्हे.

पाण्यात काकडीचा तुकडा टांगायचा
आणि एका बटणातून दुसऱ्याकडे सोडायची
मुंगीलाही झिणझिण्या येणार नाहीत इतकी वीज.
ती सरळ जात नाही.
कुठे वळसा घेते, कुठे अडखळते, कुठे सैल सुटते,
तिला पोचायला पडलेल्या कष्टांवरून
पडद्यावर हळूहळू एक निळा डाग धरतो:
इथे कुणीतरी आहे.
कोण, ते आपण ओळखायचं.

पलीकडच्या खोलीत रोबोट.
हात चार, बोटाचं पेर एकही नाही.
डॉक्टर तेन्हो कोपऱ्यातल्या खुर्चीत बसून
दुर्बिणीत डोळे खुपसतात.
सगळं दहापट मोठं, लख्ख.
ओढ जास्त झाली हे कळतं
ते दोरा तुटल्यावरच.
"पूर्वी मी बोट फिरवायचो," ते म्हणतात,
"लापशीत एखादा दाणा न शिजता राहतो ना,
तशी गाठ लागायची.
आता दिसतं सगळं. हाताला काहीच लागत नाही."

म्हणून ही खटपट:
रोबोटच्या चिमट्याच्या टोकाला
सोन्याचे आठ ठिपके, तिळाहून बारीक.
मांसाला टेकवायचे
आणि विजेने घ्यायचा कानोसा,
गाठ कुठे संपते, माणूस कुठे सुरू होतो.

तीन आठवडे आकडे वेड्यासारखे येताहेत.
शुक्रवारी ओइवाच्या आईने कालाकुक्को पाठवला,
राईच्या जाड भाकरीत बंद करून भाजलेले मासे,
टॉवेलात गुंडाळलेला, अजून गरम.
सुरी शोधता शोधता मार्केट्टा थांबली.
कवच कोरडं होतं. तिने मिठाच्या पाण्यात कापूस भिजवला,
सोळा बोळे भाकरीभोवती लावले,
सोळा तारा.
पैजा लागल्या. तेन्होंनी चष्मा पुसला.

पडद्याने सांगितलं: दोन.
सुरीने सांगितलं: पाच.
मधले चार असे बिलगून शिजले होते
की विजेला तो एकच देह वाटला.

सगळे हसले. ओइवाला तर ठसका लागला.
तेन्हो हातातल्या घासाकडे बघत म्हणाले,
"म्हणजे तीन आत ठेवून
मी टाके घातले असते."

मग बराच वेळ फक्त पंख्याचा आवाज.

मार्केट्टा आतल्या गाठीची.
चार वर्षं एका टेबलावर बसूनही
ओइवाला कधी कळलं नव्हतं
की तिच्या वडिलांचं पोट दोनदा उघडलं होतं,
दुसऱ्यांदा उशिरा.
तेही ती सांगत नव्हतीच,
बोळे गोळा करताना भाकरीला म्हणाली बहुतेक.
तेन्होंनी विचारलं नाही कुठलं इस्पितळ, कुठलं साल.
त्यांनी तिच्या हातून तारा घेतल्या
आणि एकेक गुंडाळू लागले,
खूप सावकाश,
ज्या बोटांना आता काम नसतं त्या बोटांनी.

मासे थंड झाले. ते खाल्ले, काट्यांसकट.

सोमवारी बाजारघरात
ओइवा सोळाऐवजी बत्तीस बटणांचा हिशेब मनात करत
अकरा काकड्या मागतो,
"आणि जमलं तर जुळ्या, एकीला एक चिकटलेल्या."
भाजीवाली पहिल्यांदाच विचारते,
"पाहुणे आहेत का?"
तो थोडा विचार करतो,
मग हो म्हणतो.