अस्सलबरहुकूम

सीबीएससमोर, कोर्टाच्या भिंतीला टेकून माझं टेबल.
एक पाय विटेवर. वर ताडपत्री, खाली मी
आणि अकरा वर्षांचा लॅपटॉप,
चालू व्हायला चार मिनिटं घेणारा.

रोहिदास गावित म्हणाला, "मावशी, मशीन धड आहे.
आतली डिस्क थकलीय. ऐका, कशी कण्हते."
ऐकलं. इतकी वर्षं मला वाटायचं, पंखा.

सुरगाण्याचा पोरगा, कॅनडा कॉर्नरला जिन्याखाली बसतो.
त्यानं पाठ उघडली, स्क्रू मोजून बशीत ठेवले,
ब्रशनं धूळ काढली. स्टँडवरची,
आणि थोडी बहुतेक माझ्या पावडरची.
नवी डिस्क पत्त्यांच्या कॅटएवढी, हातात घेतली तर वजनच नाही.
फिरणारं काहीच नसतं म्हणे तिच्यात.
जुनी फेकली नाही, सीडीच्या खणात सरकवली.
"सीडी कोण लावतं आता?"
कुणी नाही. देवरे लावायचे, मराठी फॉन्टची.

"विंडोज नव्यानं टाकू, की आहे तसं उचलू?"
आहे तसं, मी म्हटलं. टिंबासकट.
आमच्या धंद्यात त्याला शब्द आहे,
आणि शब्दाखाली दोन सह्या:
नक्कल करणार. रुजवात घेणार.
देवरे मोठ्यानं वाचायचे, मी पडद्यावर बोट फिरवायची.
"काना राहिला, बाई, काना."
त्यांच्या नावाचा फोल्डर तोही आला रात्रीतून,
टक्क्या-टक्क्यानं सरकत.
'नवीन फोल्डर' आला, 'नवीन फोल्डर दोन' आला,
दोन्ही रिकामे.
रिकामंसुद्धा जसंच्या तसं आलं.

सकाळी बटण दाबलं आणि समोर घोटीच्या ठकूबाई गांगुर्डे.
आधारवर ठकूबाई, पासबुकात ठकाबाई,
सातबाऱ्यावर नुसतं ठकी.
त्या बोलत होत्या, मी घड्याळ पाहिलं नाही.
तेच चित्र, तीच चिन्हं उगवली
आणि मला वाटलं, वा, जलद झालाय.
शेजारच्या नोटरीलाही सांगून टाकलं.
मग टाइप केलं:
सदर तिन्ही नावांची व्यक्ती मी एकच असून.
त्यांनी अंगठा दिला नाही. सही केली, दोनदा थांबून.

संध्याकाळी गावित आला, पडदा बघून हसला.
"मावशी, दिवसभर तुम्ही जुनीवरच आहात."
आधी कुठलं दार वाजवायचं
ते मशीनला सांगायचं राहिलं होतं.
सवयीनं ते जुन्या घरी गेलं, घरानं उघडलंही.
निळ्या पडद्यावर त्यानं दोन ओळी खालीवर केल्या.

अकरा सेकंद.
तेच चित्र, तीच चिन्हं, देवरेंचा फोल्डर.
ठकूबाई नाहीत.
एका दिवसात दोघींची रुजवात चुकली होती,
एकीला त्या माहीत, दुसरीला नाहीत.
"मिनिटाचं काम," म्हणत त्यानं फाइल आणून दिली.
"जुनी पुसून टाकू? जागा होईल."
पूस, मी म्हटलं.
मग म्हटलं, उद्या.

आता माणूस स्टुलावर टेकायच्या आत मशीन तयार.
चांगलंच आहे. रांग हलते,
साहेब जेवायला उठायच्या आत शिक्का मिळतो.
फक्त ती चार मिनिटं.
पडद्यावर चक्र फिरायचं आणि समोरचा बोलायचा,
प्रतिज्ञापत्रात बसत नाही असं काही.
ठकूबाई म्हणाल्या होत्या,
मला ठकी म्हणणारं कोणी उरलं नाही बाई,
तलाठ्याचा कागद तेवढा म्हणतो.
ते मी टाइप केलं नाही.
ते दोन्ही डिस्कांवर नाही.

काल एक जण आला, भाडेकरारासाठी.
लॅपटॉप लागलेलाच होता. मी झाकण अर्धं मिटलं
आणि म्हटलं, "बसा.
चालू होतोय अजून."