लादी

रात्रीचे दोन वाजून दहा मिनिटं.
भांडुपच्या आमच्या जिन्यात, मीटरच्या पेट्यांखाली
(रेंज इथेच येते)
फोन कठड्याला टेकवून मी बसले आहे.
पाठ घामाने भिंतीला चिकटलेली.
वीतभर पडद्यावर कॅनडाची दुपार,
आणि बाहेरच्या लेनमध्ये, दंडाला लाल पट्टी,
शाल्मली वैती.

समालोचक ‘वायटी’ म्हणतो.
म्हणू दे.

आठवतं, सरांनी आपल्याला
ससून डॉकच्या बर्फाच्या कारखान्यात नेलं होतं?
भर मे महिना. कुणाचे तरी जुने ब्लेडचे बूट,
तुला दोन नंबर मोठे, टाचेत कोंबलेले रुमाल.
तुझ्या बाबांनी साच्यातून लादी काढून
फरशीवर आडवी टाकली.
तू चढलीस. तीन सेकंद.
मग ढोपरं, हनुवटी, सगळं खाली,
आणि बाबांचा पहिला प्रश्न: ‘लादी फुटली का?’
ती लादी नंतर पापलेटांवर गेली,
तुझ्या रक्ताच्या थेंबासकट.

‘रेडी’.
वर कुणीतरी फ्लश सोडतं.

बंदूक.
पहिली दहा पावलं घसरणं नसतंच,
बर्फावर दात रोवत धावणं असतं.
शंभर मीटर: अकरा चव्वेचाळीस.
बरं आहे. वाकून राहा. वाकून राहा गं.

चाकांवर मी तुला दर वेळी हरवायचे.
रॉकेलमध्ये बेअरिंग धुताना
तू माझीही धुवायचीस.
हे आता कुणाला सांगू?

पलीकडच्या सरळ वाटेवर लेन बदलायची.
बाहेरून आत येणारीला वाट द्यायची, असा नियम.
म्हणजे वाट तुझी.
पण अडवायला समोर आहेच कोण?
अल्मागुल केव्हाच वळणावर पोचली.

आतलं वळण. डावा हात पाठीवर,
उजवा नुसता हवेत फेकलेला.
मी श्वास सोडायची विसरते.

एकेचाळीस सत्त्याऐंशी.
अठ्ठावीस जणींत सव्विसावी.
तुझ्या स्वतःच्या वेळेपेक्षा एकोणीस शतांश कमी.
एकोणीस शतांशांत काय होतं?
डोळाही नीट मिटत नाही.
कॅमेरा पुढच्या जोडीकडे वळतो.
कोपऱ्यात तुझा अर्धा खांदा उरतो, मग तोही नाही.

फोन वाजतो. तुझे बाबा, रात्रपाळीवरून.
मागे बर्फ फोडायच्या यंत्राचा खडखडाट.
‘पडली नाही ना?’
‘नाही, काका.’
‘बर्फ कसा होता तिकडचा?’
‘कठीण.’
‘असणारच,’ ते म्हणतात. ‘आमच्यासारखा घाईत काढत नसतील.’
मग ट्रक आला म्हणून ठेवून देतात.