कारणाचा रकाना

बाबांच्या स्कूटरवरचा आठ
यंत्राला कधी धड वाचता आला नाही.
दांडिया बाजारातल्या पेंटरनं एका दमात ओढलेला,
वरचं पोट लहान, खालचं सुटलेलं,
त्यावर जुना चिखल.
यंत्र त्याला कधी तीन म्हणे, कधी इंग्रजी बी.
म्हणून रोज पहाटे पाच बावन्नला
काळ्या घोड्याच्या खांबावरून
तो नंबर माझ्या पडद्यावर यायचा, लाल चौकटीत:
माणसानं तपासावा.
मी तपासायचे. आठ टाइप करायचे.
रात्रपाळीत आमचं तेवढंच बोलणं.

एकदा जेवताना त्यांना सांगितलं.
घास हातातच राहिला.
‘म्हणजे मी जातो ते तुम्ही लिहून ठेवता?’
पुढचा आठवडाभर ते कमाटीबागेत गेले
गल्लीबोळांतून, लांबच्या वाटेनं.
लपवण्यासारखं काय आहे तुमच्याकडे, मी म्हटलं,
पिशवीत टॉवेल आणि कबुतरांची ज्वारी!
‘दाखवण्यासारखं तरी काय आहे?’ म्हणाले,
आणि मोरीला आतून कडी घालून
आंघोळीला बसले.

मार्चमध्ये चुडासमासाहेब खुर्चीमागे येऊन उभे राहिले.
हातात चहा, आवाज घरगुती.
‘बेन, एक ॲक्टिव्हा बघ ना. पांढरी.
संध्याकाळी कुठे कुठे जाते.’
गुन्हा क्रमांक, साहेब?
‘अरे, ओळखीतली मुलगी आहे. घरचे काळजीत आहेत.’
रकान्यात काळजी बसत नाही, साहेब.
आकडा लागतो. आणि खाली
बघणाऱ्याचं नाव उमटतं, वेळेसकट,
ते मलाही पुसता येत नाही, तुम्हालाही.
चहा संपेपर्यंत ते तिथेच उभे होते.
मग माझ्या रात्रपाळ्या वाढल्या.
ती मुलगी कोण, मला अजून माहीत नाही.
बरंच आहे.

बाबा गेले त्याला आज तीस दिवस.
तीस दिवसांनी बिनगुन्ह्याची गाडी आपोआप पुसली जाते.
नव्या पोरांना हा नियम मीच शिकवते:
ज्यानं काही केलं नाही, त्याचं काही उरू नये.
खडूनं फळ्यावर लिहिते, दोनदा अधोरेखित करते.

आता पाच चाळीस.
बारा मिनिटांत त्यांची शेवटची फेरी जाईल.
पाठमोरे, माकडटोपी, मागच्या सीटला बांधलेली पिशवी,
तो आठ.
आणि ती फेरी नेमकी दहा तारखेची.
दर दहा तारखेला ते बागेतून सरळ घरी येत नसत.
साडेनऊ वाजायचे. विचारलं तर म्हणायचे, बँकेत गर्दी.
बँक दहाला उघडते, बाबा.
एक शोध, आणि सगळे खांब बोलतील,
फतेगंज, अकोटा, निझामपुरा,
कुठे वळले, कुठे थांबले, कुणाच्या दारापाशी.

नंबर टाइप केला.
कारणाच्या रकान्यात काठी लुकलुकत राहिली.
काल चोरीला गेलेल्या एका रिक्षाचा
गुन्हा क्रमांक मला तोंडपाठ होता.
पहिले दोन आकडे मी लिहिलेही.
मागे कुणी उभं नव्हतं.
चहाचा वास आला, असं उगाच वाटलं.

बावन्न.
ओळ गेली. खालच्या ओळी एकेक घर वर सरकल्या,
दुधाचा टेम्पो, शाळेची व्हॅन.
एक लाल चौकट आली, कुणाचा तरी चिखलातला सात.
तपासला.

सातला सुटले.
कुठे जात होते ते, कळणार नाही.
जिन्याखाली स्कूटर उभी आहे.
ओलं फडकं घेऊन खाली बसले
आणि तो आठ पुसला. चिखल, म्हणजे.
आता तो कुणालाही वाचता आला असता.