पाऊण तास

मुहर्रकला, विमानतळाच्या कुंपणापलीकडची
ती पिवळी इमारत पाडायच्या आधी
आत काय काय उरलंय ते मोजायला मला पाठवलं.
खाटा एकोणचाळीस. पंखे सहा, पाती नसलेले.
दारं सगळी शाबूत, कड्या बाहेरून.
आतून एकालाही कडी नाही,
न्हाणीघराच्यासुद्धा.

टेकबहादूर पायरीवरच थांबला.
वेड्यांची भुतं वेडी असतात का शहाणी, त्यानं विचारलं.
मी म्हटलं, यादीत भुतांचा रकाना नाही.

हुकांना चामडी पट्टे अजून लोंबताहेत.
प्रत्येकाचं तिसरं भोक ताणून लांबट झालेलं.
एक सिमेंटचा हौद, गळ्याइतका खोल.
एक लाकडी पेटी, तिच्यातून निघालेल्या दोन वायरी
आणि दातांत धरायचं रबर.
लिहिलं : पेटी, एक नग. रबर, एक नग.
रबरावरच्या दातांचे नग कसे धरायचे
हे कुणी सांगितलं नव्हतं.

मग कपाटामागं सापडलं ते रजिस्टर.
बिवाट अंदाल. वय अंदाजे तीस. लाँचीवरून आणला.
देश हिंदी, भाषा हिंदी.
खाली साराम्मा नावाच्या नर्सचं वळणदार इंग्रजी :
हिंदीत विचारलं, गप्प.
मल्याळममध्ये विचारलं, रडला.
रात्री एकदाच ओरडतो. अर्थ लागत नाही.
जसं ऐकू येतं तसं लिहून ठेवते.
आणि पुढं रोमन अक्षरं, एकेक सुटी,
मुंग्या ओळ चुकल्यासारखी.

मी देवगडचा. मोठ्यानं वाचलं
आणि नाव आपसूक जागेवर बसलं. भिवा तांडेल.
होडी बांदलंस काय रे?

डॉक्टरांचा शेरा : स्वतःचे शब्द बनवतो.
ओरडण्याच्या वेळा अनियमित. डोस वाढवा.

वेळा साराम्मानं मांडल्या होत्या, दर रात्रीची एक.
नऊ. पावणेदहा. साडेदहा. सव्वाअकरा. बारा.
मग पेटीचा दिवस,
दोन रात्री कोऱ्या,
आणि तिसऱ्या रात्री सव्वादोन.

मी बोटांवर पुन्हा मोजलं. चुकलेलं नव्हतं.
वायरी लावून दोन रात्री पुसल्या
तरी हिशेब आत चालूच होता.
आमच्याकडं पोराला धड पाढे यायच्या आधी हे येतं :
भरती रोज पाऊण तास उशिरा.

खिडकीखाली आता सपाट भराव, त्यावर उभे टँकर.
समुद्र दोन किलोमीटर मागं रेटलाय.
पण भिंतीला बाहेरून, कमरेइतक्या उंचीवर,
कालवांची पांढरी रेघ आहे.
इथवर पाणी यायचं. रात्री ह्याच भिंतीवर आपटायचं,
आणि आत पट्ट्यांत आवळलेला एक खलाशी
कुठलाही शहाणा खलाशी विचारेल तेच विचारायचा.
त्याला बांधलं होतं.
होडीचं कुणी सांगत नव्हतं.

पुढं शाई बदलते. शांत. प्रगती समाधानकारक.
तो घरी गेला, की पाण्यात, की ह्याच आवारात कुठं,
ते पान नाही.
फक्त समासात, डॉक्टरांच्या नजरेत येऊ नये इतकं बारीक,
साराम्माचं एक वाक्य :
आज रात्री त्याच्या आधी मीच ते विचारलं त्याला.
हसला. मान डोलावली. झोपला.

मुकादम म्हणाला, कागद किलोवर जाईल.
मी रजिस्टर डब्याच्या पिशवीत घातलं,
यादीत काही लिहिलं नाही.

बाहेर आलो तर सावल्या लांबलेल्या.
आज तिथी कोणती रे?
टेकबहादूरनं फोन न बघता सांगितलं, अष्टमी.
आठ पाऊण सहा.
हा देवगडचा हिशेब, इथलं पाणी वेगळं चालत असेल.
सहाला दहा कमी होते.
म्हटलं, थोडं थांबू.
तो सरकला, पायरीवर जागा केली.