मुदतवाढ

बिंगहॅम्टनचं कोर्ट, दुसरा मजला.
कोट काढावा की नाही हे ठरेपर्यंत नंबर येतो.
काचेपलीकडे मिसेस कोवाल्चिक.
गेल्या खेपेलाही त्याच होत्या,
तेव्हा त्यांच्या हाताला प्लॅस्टर होतं.

अधिकारपत्र मंगळवारीच संपलंय, म्हणतात,
दूध नासलंय म्हणावं तितक्या सहज.

म्हणजे मंगळवारपासून
कैलासवासी दिगंबर केशव नवाथे यांच्या वतीने
मी कुणीच नाही.
बुधवारी त्याच्या घराचं वीजबिल भरलं,
ते मग कुणी भरलं?

फॉर्मवर एक ओळ: विलंबाचे कारण.
एकच ओळ, आणि तीही
पानाच्या अलीकडेच दमलेली.

काय लिहू?
की बँकेत त्याचा 'व' डब्ल्यूने आहे, पासपोर्टात व्हीने,
आपल्या एका अक्षराचे इथे दोन नवाथे झाले
आणि वर्षभर ते एकमेकांना ओळख देत नाहीत?
की संमतीचा कागद सांगलीला तीनदा पाठवला,
आणि धाकटा फोनवर एवढंच म्हणाला,
"अक्का, बावीस वर्षांत त्यानं साधं कार्ड टाकलं नाही.
आता बरी माझी सही लागते त्याला."
की जानेवारीत पाइप फुटला,
तळघरात घोटाभर पाणी,
त्यात त्याची रेडिओंची खोकी,
आणि प्रत्येक खोक्यावर त्याच्या तिरक्या अक्षरात:
'होईल दुरुस्त'.

की मागच्या ऑक्टोबरात
सगळे कागद जुळले होते, पिशवीत होते,
मी याच इमारतीखाली गाडीत बसून राहिले
पार्किंगचा मीटर संपेस्तोवर,
आणि परत गेले.
हे वकिलालाही ठाऊक नाही.

मी लिहिते: टपाल व कौटुंबिक.

मिसेस कोवाल्चिक वाचतात, चष्म्यावरून बघतात.
"माझ्या आईचं सात वर्षं चाललं होतं," म्हणतात,
आणि कागद आत नेतात.

बाकावर शेजारी एक म्हातारा
मांडीवर भिंतीवरचं घड्याळ घेऊन बसलाय.
विचारावंसं वाटतं. विचारत नाही.

कागद येतो. उठावाचा शिक्का,
बोट फिरवलं की लागतो.
चौदा ऑगस्टपर्यंत.

तिथून सरळ त्याच्या घरी.
ताडपत्रीवरचा बर्फ हातानेच लोटते,
किल्ली फिरवते.
दर पंधरवड्याला फिरवावी लागते,
नाहीतर बॅटरी उतरते, तोच सांगायचा.
ब्युइक एकदा खाकरते, दोनदा,
मग धरते,
आणि रेडिओ एकदम सुरू होतो,
त्याला उजव्या कानाने कमी ऐकू यायचं
तेवढ्या मोठ्याने.

शेजारचा पडदा हलतो.
आवाज कमी करण्याचा अधिकार
चौदा ऑगस्टपर्यंत माझ्याकडे आहे.