उंदरायले विचारलं काऊन

आश्विनाचं ऊन. धुऱ्यावर गाजरगवत कमरेएवढं,
पांढऱ्या टिकल्यांनी गच्च.
पंचफुलाकाकू हाताला लुगड्याची चिंधी गुंडाळून उपटते,
तरी मनगट, कोपराची लवण, गळ्याची घडी
सोलल्यासारखी लाल.

मी दवाखान्यातलं साधंच मलम चोळते.
"अन् तुहं ते औषध? नागपूरवालं?"
"माणसाला लागू पडलं नाही, काकू."
"उंदरायले पडलं ना?"
"पडलं."

दोन वर्षं मी उंदरांच्या कानांना ते लावलं,
रोज सकाळी सुजेची जाडी मोजली,
दशांशानंतरचे दोन आकडे वहीत लिहिले.
मग औषध माणसाच्या कातडीपर्यंत गेलं
आणि तिथं मुकं झालं.

आता हिला कसं सांगू,
कातडी पेटली की पेशी निरोप धाडतात;
आपल्यातला एक निरोप्या
(नुसत्या आठ आकड्यानं ओळखतो आम्ही त्याला)
पांढऱ्या पेशींना हाका मारत रक्तवाहिनीच्या दारात उभा राहतो,
आणि उंदराच्या गावात त्याचं घरच नाही.
तिथं हाक दुसराच कोणी मारतो.
सूज तीच. लाली तीच.

"बारा कोसांवर भाषा बदलते ना, काकू,
आपलं 'काऊन' पुण्यात कळत नाही, तसं."

काकू ऐकते. चिंधी सोडते.
गोठ्यात म्हैस खुंट्याला मान घासतेय,
तिच्याही नाकपुडीवर फोड आलेत.
हेच गवत चाऱ्यात आलं की दूध कडू होतं,
चहा फाटल्यासारखा लागतो.
"अन् हिची बोली?"
"हिच्याकडं आहे तो आठवा. उच्चार थोडा वेगळा."
"पाह्य! म्हैस आपली हाय हे मले आंधीच ठाऊक!"
आणि बोटभर मलम घेऊन ती निघतेच.
मी नको नको म्हणेपर्यंत
म्हशीनं जिभेनं सगळं चाटून टाकलेलं.

परत येऊन काकू बाजेवर टेकते.
"मंग उंदरायले विचारलं काऊन?"

उंदीर लहान असतो. पिंजऱ्यात मावतो.
एकवीस दिवसांत वितो.
सगळी उत्तरं होती माझ्याकडं, वहीत होती.

सूज उतरल्यावर ते एकमेकांच्या अंगावर
कसे ढीग करून निजायचे,
तेवढं नव्हतं.