बुटांची मापं

मीच घेतली. झगडे बाईंनी सांगितलं म्हणून.
जूनमध्ये, ऑफिसच्या फरशीवर
जुन्या हजेरीपटाचे कोरे कागद पसरून
बारा मुलींचे बारा डावे पाय
खडूने आखले.
उजव्या पायांना खडूची तरतूद नाही, म्हणालो,
तर पोरी खिदळल्या.
ऋजुता अवघडे, तीन नंबर.
मिस्बाह शिकलगार, दोन.
पल्लवी खुडेचा अंगठा कागदाबाहेर गेला,
तिथे दुसरा कागद जोडला. चार.

प्रस्ताव केला. बारा जोड,
लेखाशीर्ष : क्रीडा साहित्य.
दांडेकर पुलावरून बस धरून
स्वतः शिवाजीनगरला नेऊन दिला,
आवक क्रमांक पाडून घेतला.

मग फाइलचा डाव सुरू झाला.
आंबील ओढ्याकाठी, पार्किंगमधून उरलेल्या मैदानात
पोरी एकआड एक उलट्या तोंडांनी बसतात,
पाठीत थाप पडली की उठतात, सुटतात.
तिथे टेबलंही तशीच मांडलेली,
एकाचं तोंड खिडकीकडे, एकाचं कपाटाकडे.
फक्त तिथे खो देत नाहीत.
घालतात.

ऑगस्टात शेरा आला : तीन दरपत्रके जोडावीत.
जोडली.
ऑक्टोबरात : बूट हे साहित्य की गणवेश, खुलासा व्हावा.
दीड पानी खुलासा केला. माझ्या नोकरीतलं
सगळ्यात चांगलं मराठी त्यात आहे.
डिसेंबरात : शाळेची पटसंख्या घटती,
समायोजन विचाराधीन, तूर्त थांबावे.

पोरी थांबल्या नाहीत.
जिल्हा जिंकला, विभाग जिंकला,
राज्याला परभणीला जायचं ठरलं.
प्रवासखर्चाला बाईंनी पतपेढीतून काढले,
मार्केट यार्डातल्या आयांनी
ओल्या नोटा आणून दिल्या, मेथीचा वास असलेल्या.
मी पाचशे दिले. नोंद कुठेच नाही.

अंतिम सामन्यात समोरच्या संघाच्या पायांत बूट होते.
पल्लवीच्या पायात बाभळीचा काटा.
तीन मिनिटं दहा सेकंद ती कुणाच्या हाती लागली नाही.
एका गुणाने हरलो.
एका गुणाने.
परतीच्या गाडीत मिस्बाह दौंडपर्यंत बोलली नाही,
मग म्हणाली, सर, डबा उघडू का?

पेपरात फोटो आला.
गुडघ्यांपर्यंतच.
सत्काराला साहेब आले, गुलाब दिले,
शाळा बंद होणार नाही असं म्हणाले नाहीत,
होणार असंही म्हणाले नाहीत.

एकतीस मार्चला रात्री साडेअकराला
कुठल्याशा शीर्षात रक्कम उरली,
आणि ती जळू नये म्हणून
आमचे बूट मंजूर झाले.
जुलैत खोकं आलं. बारा जोड,
मापं अगदी बरोबर,
वर्षापूर्वीची.

तीन जणी आठवी होऊन निघून गेलेल्या.
उरलेल्यांची टाच बाहेर.
मिस्बाहने बोटं दुमडून पाय कोंबला आणि म्हणाली,
बसतो सर.
बसत नव्हता.
शेवटी पाचवीतल्या मुलींना वाटले,
त्यांनी पुढे कागदाचे बोळे घातले.
फोटोचाच पेपर होता तो, मी पाहिलं,
काही बोललो नाही.

काल पुन्हा फरशीवर कागद पसरले.
पुन्हा खडू.
या वेळी रजिस्टरमध्ये लिहिताना
प्रत्येकीला एकेक नंबर वाढवला.
झगडे बाई चष्म्यावरून बघत राहिल्या.
ऑडिट लागलं तर?
म्हटलं, बाई, अंदाजपत्रक आहे,
अंदाज नको का करायला?
त्यांनी सही केली. शाई दोनदा झटकून.

पल्लवीचा पाय आता पाच.
तिच्या नावापुढे सहा लिहिलं.
जरा थांबलो. खोडलं. सात लिहिलं.
खाडाखोड झाली की
बाजूला संबंधिताची सही लागते.
केली.